युरियाचं पोतं माझ्या डिकीत

चाळीसपैकी बावीस गुलाब छाटून झाले होते, तेवढ्यात संस्थेचे चेअरमन गाडीतून उतरले. बागेत गुडघाभर काड्या उभ्या होत्या.

"मॅडम, बाग सुधारायला बोलावलं तुम्हाला. ही तर भुंडी केली की!"

निशी, ओम, कॉलेजात बॉटनी शिकवून रिटायर झाल्यापासून तुमची आजी बागांना सल्ला देते. कोल्हापुरातल्या या शाळेत सात आठवड्यांनी नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. तोवर फुलं आली नाहीत, तर गुलाब उपटून तिथे पार्किंग होणार होतं. माळी तुकाराममामांनाही कामावरून काढणार होते.

"उद्घाटनाला फुलं दिसतील," मी म्हणाले. "नाही दिसली, तर पहिलं झाड मी स्वतः उपटीन."

आदल्या आठवड्यात मी पाहणी केली होती. झाडं आजारी नव्हतीच. डोक्याएवढी उंच, पानं तकतकीत, फूल मात्र शोधावं लागे.

"मामा, खत काय टाकता?"

"घरच्या उसाला टाकतोय त्येच की. युरिया. आन् पाट भरून पाणी."

युरियातल्या नायट्रोजनने पानं आणि काड्या जोमाने वाढतात. उसाला ते चालतं. गुलाबाचं आपल्याला फूल हवं असतं. उरलेलं पोतं मी माझ्या डिकीत टाकायला लावलं आणि डिकी बंद केली.

छाटणीच्या सकाळी मामा तयारच होईनात. "जितं झाड कापायचं? हात उचलत न्हाय, बाई."

"ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातून खोडवा येतो ना? जमिनीलगत तोडला, तर जास्त जोमात फुटतो ना?"

मामांनी कात्री उचलली. "मग आदी सांगायचं की वो!"

त्यानंतर कात्री थांबली नाही. काडीवर जिथून कोंब फुटतो, तो डोळा. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप द्यायचा. मामांना डोळा शिकवावा लागला नाही. उसाचं कांडं लावतात तेही डोळा बघूनच. कलमाच्या जोडाखालचे जंगली फुटवे आम्ही बुडापासून काढले. शेणखत आणि हाडांचा चुरा घातला. पाणी फक्त वरची माती सुकल्यावर.

चौथ्या आठवड्यात नुसती लालसर पालवी होती. मामांचा धीर सुटला.

"बाई, मूठभर तरी टाकू?"

"डिकीची किल्ली माझ्याकडे आहे, मामा."

उद्घाटनाच्या दिवशी चौतीस झाडं फुलली. सहा रुसली, ती रुसलीच. चेअरमन पाहुण्यांना सोडून बागेत आले.

"मामा, काय टाकलं हो? आमच्या उसाला पण टाकतो."

"काय बी न्हाय, सायेब. बाईंनी टाकूच दिलं न्हाय."

मामा अजून त्याच बागेत आहेत. तुमच्या बाल्कनीतल्या गुलाबाला कळी नाही, असं तुम्ही फोनवर म्हणालात. तुमच्याकडची थंडी ओसरू लागली की छाटा. कात्री धारदार घ्या. आणि त्याआधी खताचा डबा आईच्या ताब्यात द्या.