कद्दिश आणि दहावा माणूस

बाबांच्या पहिल्या वर्षदिनाला मी असा घोळ घातला की आजही आठवलं तर स्वतःचाच राग येतो. महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. रेवदंड्याच्या खाडीकाठच्या आमच्या खेड्यात, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आम्हा बेने इस्राएल ज्यू तेल्यांची मोजकीच घरं उरली होती. तरुण मंडळी मुंबईला. मी एकुलता मुलगा, पेशानं शाळामास्तर. शेवटच्या दुखण्यात बाबांनी एकच मागितलं होतं, "दर वर्षी माझ्या दिवशी कद्दिश म्हण." मृतांसाठीची ही प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही. म्हणून पलीकडच्या तीरावरच्या नातलगांना मी दिवेलागणीनंतर बोलावलं होतं.

सकाळी आमची प्रार्थना चालवणारे हझानकाका आले. "मास्तर, पोरांना शिकवतोस नि एवढं ठाऊक न्हाय? आपला दिवस सूर्य बुडला की संपतो. दिवे लागल्यावर बापाचा दिवस ऱ्हायला कुठं?"

खाडीला ओहोटी, होडी चिखलात. निरोप धाडायची सोय नव्हती. दारोदार फिरून मला धरून नऊ जण जमले. दुपार कलली तरी दहावा मिळेना. आई म्हणाली, "एलियाहू हन्नबीला मलिद्याचा नवस बोललेय मी. तो प्रेषित येतो हाकेला. तू आता गप बस."

गप बसवतंय कुठे? उगाच हाताला चाळा म्हणून शाळेचा इंग्रजी कोश उघडला. इंग्रजांच्या कोशात आमचा कद्दिश होता! मूळ अरामी, अर्थ पवित्र. मी हझानकाकांना विचारलं. ते म्हणाले, "पूर्वी इराकातल्या बाबेलच्या बाजूला आपले लोक घरात बोलायचे, ती अरामी. साध्या माणसाला कळावं म्हणून ही प्रार्थना तिच्यात. आणि तिच्यात मरणाचा शब्दसुद्धा न्हाय. नुसती देवाच्या नावाची थोरवी."

मी खजील झालो. वर्षभर ती प्रार्थना घोकली होती, पण मनात सतत मागणंच होतं. त्या घटकेला पहिल्यांदा मी काहीच मागितलं नाही.

ऊन पोफळींच्या शेंड्यांवर गेलं तेव्हा एक जुना शिपाईकोट घातलेला गृहस्थ ओटीवर पाणी मागायला आला. आत येताना त्यानं चौकटीवरच्या मेजुजाला, धर्मवचनांच्या डबीला, बोटं लावून ती ओठांना लावली. हझानकाका ताडकन उठले. "आपल्यातलेच की! पाणी नंतर. आधी उभे ऱ्हा."

मी कद्दिश सुरू केला, तर तोही माझ्याबरोबर म्हणू लागला, रडत रडत. सूर्य बुडायला थोडाच अवकाश होता.

नंतर पाणी पिऊन तो म्हणाला, "बाप गेला तेव्हा मी लढाईवर, बगदादकडे. परत आलो तर गावात दहा माणसं जमेनात, कद्दिश राहूनच गेला. आज होडी चुकली म्हणून देवाला बोल लावत चालत निघालो होतो."

दुपार कलेपर्यंत मी देवाकडे एक माणूस मागत होतो. त्याच देवानं त्या वाटसरूसाठी आम्हा नऊ जणांना आधीच जमवून ठेवलं होतं.