गुळमारचा पाला आणि अक्कांचा पाय

अनया, ईशान — हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नाही. तुमच्या आईला तर नाहीच. लिहायला बसते आणि कपाट आवरून उठते, असं कितीदा झालं.

मोठ्या आजीचा पाय आठवतो ना? गुडघ्याखाली नसलेला. मधुमेहानं गेला, असं आपण म्हणतो. खरंच मधुमेहानं गेला?

त्या माझ्या थोरल्या जाऊबाई, माहेरच्या नातेपुत्याच्या; आम्ही एकाच घरात राहायचो. मी त्यांना अक्का म्हणायचे. तेव्हा मी सोलापुरात कॉलेजात जीवरसायन शिकवत होते. गुळमारचा पाला अक्कांनीच माहेराहून आणला — तो चावला की साखर वाळूसारखी लागते. त्याचा अर्क काढून मी तपासत होते. अर्क घालताच एक जांभळा द्राव फिकट पिवळा पडला. पाल्यात अँटिऑक्सिडंट गुण होता. तो निकाल खरा.

दुसरा प्रयोग पिष्ट पचवणाऱ्या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा. विकरानं पिष्ट पचवलं, तर आयोडीन टाकूनही निळा रंग येत नाही. अर्कानं विकराला रोखलं, तर येतो; म्हणजे पिष्टाची साखर होत नाही. अक्का कौतुकानं प्रयोगशाळा बघायला आल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर नळी गर्द निळी झाली.

“बघा अक्का, तुमच्या पाल्यानं रोखलं की नाही!”

“आगं बया! मंग त्या गोळ्या कशाला गिळायच्या? लई हुशार हाईस की गं तू.”

लग्नानंतर पहिल्यांदा त्या मला हुशार म्हणाल्या. मी नुसती हसले.

त्या गेल्यावर मी शेजारची नळी पाहिली. तिच्यात पाला नव्हता, नुसता विकर. ती पिवळसर राहायला हवी होती — ती निळी! उन्हाळा, वीज गेलेली, फ्रिज बंद — विकर आधीच निकामी झालेला. पाल्यानं काहीच रोखलं नव्हतं. आधी बिनपाल्याची नळी पाहा, मगच तोंड उघडा — हे मी वर्गात दरडावून शिकवायचे. आणि मी?

घरभर माझं कौतुक चाललं होतं. उद्या सांगू म्हटलं. सांगितलं नाही. अक्कांनी गोळ्या सोडल्याचं दिसत होतं — मला दिसत होतं.

मग त्यांच्या पायाला झालेली जखम चिघळली. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या पायाची पट्टी सोडली. पाय काळा पडला होता. ते ओरडले, “गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या?”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

आणि मी म्हणाले — हो, मीच — “मी सांगून थकले, डॉक्टर, पाल्याच्या नादी लागल्यात.”

हा माझाच आवाज? अजून कानात आला की दचकते.

अक्का म्हणाल्या, “व्हय. माजाच हट्ट.”

पुढं त्या जितकी वर्षं जगल्या, त्याबद्दल एकदाही बोलल्या नाहीत. मीही नाही.

मोठी आजी हट्टी होती, डॉक्टरांचं ऐकायची नाही — हे तुम्हाला लहानपणी कुणी सांगितलं? मी. तुम्हाला भरवता भरवता, गोष्ट म्हणून.