मागितल्याशिवाय न हलणारी यादी

आमच्या ऑफिसातले किस्से घाबरलं की आठवतात. नवा प्रोग्रॅम सुरू करायची वेळ आली की कुणीतरी म्हणतं, "त्या दिवशीसारखं नको व्हायला," आणि मग चहा संपेपर्यंत असले सगळे दिवस निघतात. सोलापुरात टॉवेलच्या दुकानावर आमची एक खोली. इरफानसर मालक, श्रीलता जुनी, मी नवी. तिघंही रुबी नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो.

*

माझा दुसराच दिवस. एकपासून अनंतापर्यंतचे आकडे दुप्पट करायचे आणि त्यातले पहिले पाच दाखवायचे, एवढंच काम. मी लिहिलं. पडदा थिजला, आतला पंखा घरघरायला लागला. कॉम्प्युटर गेला आणि नोकरीही गेली, असंच मला वाटलं. श्रीलतानं येऊन सरळ प्लग ओढला.

सर म्हणाले, "अनंतापर्यंत करायला सांगितलंस, ते बिचारं करत बसलं. आधी 'लेझी' लिही. मग मागशील तेवढंच करतं."

*

सर स्वतः घाबरतात ते उद्गारचिन्हाला. रुबीत काही शब्दांपुढं ते लावलं की मूळ यादीच बदलते. एकदा रक्तदात्यांच्या यादीतले ओ निगेटिव्हवाले त्यांना नुसते बघायचे होते. बोट त्या चिन्हावर पडलं, फाइल सेव्ह झाली, आणि शहरभरच्या रक्तदात्यांतले अकराजण उरले. जुनी कॉपी सरांच्या घरी पेनड्राइव्हमध्ये होती. ते ती घेऊन येईपर्यंत श्रीलतानं कुणालाच कीबोर्डला हात लावू दिला नाही.

माझ्या वाढदिवसाच्या केकवर 'हॅपी बर्थडे'पुढं उद्गारचिन्ह होतं. सरांनी चाकूनं आधी तेच काढलं.

*

श्रीलताचा किस्सा ती स्वतः सांगत नाही. एका लॅबसाठी तिनं धोक्याचे रिपोर्ट वेगळे दाखवणारा प्रोग्रॅम केला. तपासताना पहिले पाचच मागितले होते, ते तसंच राहून गेलं. एका सकाळी लॅबमधल्या बाईंचा फोन आला.

"यादीत पाच दिसतायत. माझ्या हातात सहावा आहे, शुगर पाचशेच्या वर. यांचं नाव का नाही?"

तो रिपोर्ट ज्या आजोबांचा होता, ते दुपारपर्यंत दवाखान्यात पोचले, बरेही झाले. श्रीलता "अय्यो" एवढंच म्हणाली आणि दिवसभर खुर्चीवरून उठली नाही. अजून ती प्रत्येक यादी पडद्याला बोट लावून मोजते.

*

शेवटचा माझा. आमचं घर सांगोल्याकडं, मेंढरांचं; ती राखतात माझे वडील, आबा. वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलं की नदीकाठच्या लोकांना मेसेज जाईल, असा प्रोग्रॅम मी लिहिला होता. त्या दिवशी एकच्या सुमाराला पाणी आमच्या गावापाशी येणार होतं. अकराला मी बटण दाबलं. 'काम झालं' असं पडद्यावर आलं.

साडेबाराला श्रीलतानं सहज विचारलं, "तुझ्या घरी आला का मेसेज?"

मी आईला फोन लावला.

"न्हाय बा, काय बी आलं न्हाय. आबा तर मेंढरं घिऊन नदीत उतरल्यात."

कोड उघडला. वर मीच 'लेझी' लिहिलं होतं, आणि खाली उत्तर कुठंच मागितलं नव्हतं. त्यामुळं यादी नुसती मांडून पडली होती, एकही मेसेज सुटला नव्हता.

"कायको रडती? सरक," म्हणत सरांनी पुढं 'फोर्स', म्हणजे 'आत्ता सगळं कर', एवढा शब्द जोडला. मेसेज धडाधड सुटले. पण नदीत रेंज नसते. आबांचा फोन लागेना. आईला म्हटलं, पळ. ती चप्पल न घालताच निघाली, पण नदी घरापासून लांब. मी फोन लावतच राहिले. श्रीलतानं माझा दुसरा हात घट्ट धरला होता.

एकला दहा कमी असताना माझा फोन वाजला. आबा.

"आबा, कुटं हाय तुमी?"

"वर, देवळापाशी. तुझी जेवायची येळ झाली म्हनून म्हटलं फोन करावा. खाली रेंज न्हाय, म्हनून चढलो."

"आन मेंढरं?"

"ती काय, आली की मागनं." मग म्हणाले, "पोरी, नदीला लई पानी आलंय गं. वरनं सोडलं काय?"

मी श्रीलताकडं बघून मान हलवली.

"आगं, जेवलीस का?"

"व्हय आबा, जेवले," मी म्हटलं. डबा अजून पिशवीतच होता.