शनिवारचा घाट

तुमच्या मामाआजोबांचा पाय कसा गेला, हे तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा मोठ्यांनी विषय बदलला. मुलांना अर्धवट सांगितलं की उरलेलं ती स्वतः रचतात, आणि ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयंकर असतं. इथे खरं तेच पुरेसं वाईट आहे, त्यात भर घालायला नको. म्हणून जसं झालं तसं क्रमाने लिहिते. मराठी वाचायला जड गेलं तर बाबांकडून वाचून घ्या.

मामाआजोबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याने लग्न केलं नाही. धारला बँकेत नोकरी केली, तिथेच निवृत्त झाला आणि बसस्टँडच्या मागे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहिला. मी लग्न होऊन देवासला आले, तो धारलाच राहिला. त्याच्या आयुष्यात सायकलीशिवाय फारसं काही नाही, असं आमच्या नात्यातले लोक म्हणत. तो म्हणे, "फारसं लागतं कशाला?" साठी उलटल्यावरही दर रविवारी उजाडता उजाडता तो सायकलने मांडवला निघायचा. वर पोचून पोहे आणि चहा, की परत. तुम्ही धारला आला होतात तेव्हा त्याने तुम्हाला पुढच्या दांडीवर बसवून किल्ल्यापर्यंत नेलं होतं, आठवत असेल.

मे महिन्यात इटलीतली तीन आठवड्यांची शर्यत असते. आमच्याकडे तेव्हा डांबर वितळतं आणि टीव्हीवर बर्फाचे डोंगर दिसतात. ही शर्यत बघायला त्याच्याकडे आणखी दोघं येत. एक खालच्या बॅटरीच्या दुकानाचे मालक. हे माळव्याचेच, हिंदीच बोलणारे, स्वतः सायकल कधी न चालवलेले, पण माझ्या भावाच्या संगतीने वेडे झालेले. दुसरी कॉलेजात शिकवणारी एक तिशीतली मुलगी. ती जुन्या दरबारी मराठा घराण्यातली. आजोबांचे फेटे आणि तलवारींचे फोटो घरात आहेत, पण मराठी वाचताना अडखळते. रविवारी ती भावाबरोबर मांडवला जायची. मला आत्या म्हणते, त्याला काका.

चढ सुरू झाला की भावाचे पाय खुर्चीखाली आपोआप हलायला लागायचे. आधी एक टाच दाबली जायची, मग दुसरी. डोळे टीव्हीवर, आणि पोटऱ्या अशा ताठ की तोच चढतोय असं वाटावं. चढ संपला की तो खरोखर दमलेला असे. आम्ही हसायचो.

त्या वर्षी त्याचा आवडता खेळाडू दुसऱ्या स्थानावर होता. म्हणजे तोच, गेली कित्येक वर्षं दुसरा नाहीतर तिसरा येणारा, वय होत आलेला, फक्त घाटात चमकणारा. हे शेवटचं वर्ष असं त्याने जाहीर केलं होतं. पहिल्या स्थानावरचा त्याच्यापेक्षा थोडासाच पुढे होता. रविवारचा टप्पा नुसता मिरवणुकीसारखा, सपाट. जे काही व्हायचं ते शनिवारी होणार होतं. शनिवारी दोन मोठे घाट, शेवटचा जास्त उंच, आणि शर्यत त्याच्या माथ्यावर संपायची.

आता पायाचं सांगते. त्याला मधुमेह होता, हे तुम्हाला माहीत आहे. एप्रिलमध्ये बुटामुळे डाव्या पायाला फोड आला. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, त्याला तो कळलाच नाही. कळला तेव्हा त्याने कुणाला सांगितलं नाही. शेवटी त्या मुलीनेच बुधवारी मला फोन केला. "आत्या, काका पाय लपवून राहिले आहेत. तुम्ही येऊन जा."

गुरुवारी सकाळी मी गाडी करून धारला गेले. दार उघडलं तेव्हा आधी उदबत्तीचा वास आला. माझा भाऊ जन्मात कधी पूजेला बसला नाही. मी आत पाऊल टाकलं आणि उदबत्ती कशासाठी होती ते कळलं. अंगठा काळा पडला होता, शेजारचं बोटही.

त्याच दिवशी त्याला इंदूरला नेलं. सर्जन तरुण होते, सरळ बोलणारे. ते म्हणाले, "आत्ताच भरती करा. गुडघ्याखाली कापावं लागेल, पण गुडघा वाचेल. गुडघा असला की कृत्रिम पाय बसतो. लोक त्यावर सायकलसुद्धा चालवतात."

"आणि गुडघा गेला तर?" भावाने विचारलं.

"या वयात मग चालणंसुद्धा कठीण."

भावाने थोडा वेळ पावलाकडे पाहिलं. मग म्हणाला, "रविवारी सकाळी येतो."

सर्जनना वाटलं घरची काही अडचण असेल. मला कारण ठाऊक होतं आणि माझ्या तोंडून ते बाहेर पडेना. एका शिकल्यासवरल्या माणसाला सायकलची शर्यत बघायची आहे, हे डॉक्टरांसमोर कसं सांगणार? मी भावाला बाहेर व्हरांड्यात नेऊन बोलले. आधी शांतपणे, मग शांतपणे नाही. इस्पितळात टीव्ही आहे, फोनवर बघ, मी धरून बसते, सगळं सांगून पाहिलं.

तो म्हणाला, "अक्का, यानंतर मी कुठलाही घाट बघीन तो एका पायाने. हा एक दोन्ही पायांनी बघू दे."

"दोन दिवसांत ते विष वर चढेल."

"चढावर सगळ्यात मोठी चूक कोणती, माहीत आहे? घाबरून आधीच जोर लावणं. शेवटच्या घाटापर्यंत थांबावं लागतं."

"हा घाट नाही. तुझा पाय आहे."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

आयुष्यभर रस्त्यावर जे शिकला ते त्याने पायाला लावलं. मांडवच्या चढावर ते खरं होतं. म्हणूनच त्याला ते इथेही खरं वाटलं. त्याला समजावणारं माझ्याकडे काही नव्हतं, कारण मी कधी तो चढ चढलेच नव्हते.

मी धारला राहिले. औषधं, पट्टीचं सामान, रिपोर्ट आणि इस्पितळाची पिशवी, सगळं भरून दाराशी ठेवलं. गाडीवाल्याला रविवारी पहाटेचं सांगून ठेवलं, आणि आधी लागली तर आधीही ये म्हटलं. नीट मांडून ठेवण्याची मला सवय आहे. तेवढंच हाती होतं.

शुक्रवारी संध्याकाळी दोघं आली. बॅटरीवाले खांद्यावरून एक जड बॅटरी घेऊन जिना चढले आणि धापा टाकत म्हणाले, "भिया, कल लाइट गई तो भी अपना घाट नी रुकेगा." त्यांनी ती इन्व्हर्टरला जोडली. मग तिघं उद्याच्या घाटाबद्दल बोलत बसली. खालच्या पाच वळणांनंतर कुणाचा दम संपेल, वारा कुठून असेल, पहिल्या स्थानावरच्याला सोबती किती उरतील. भावाने पाय उशीवर ठेवला होता, वरून चादर.

"हा शेवटचा म्हणजे मांडवचा घाट सात वेळा एकावर एक ठेव," तो म्हणाला.

"और ऊपर ठंडी हवा अलग," बॅटरीवाले म्हणाले. "जीजी, आपके भाई को वहाँ भेज दो, दो दिन में ठीक."

मुलगी हसली नाही. ती पन्ह्याचा ग्लास हातात धरून बसली होती. "काका, तो तिकडचा माणूस तुम्हाला ओळखत पण नाही," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्यासाठी गुडघा देऊन राहिले."

मग भाऊ म्हणाला, "त्याच्यासाठी नाही गं." तिने ग्लास ठेवला आणि चादर सरकवून पाय बघितला. लाली घोट्याच्या वर आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आम्ही दोघींनी पुन्हा सांगून पाहिलं. बॅटरीवालेसुद्धा म्हणाले, "दादा, चलो, अभी चलते हैं, मैं चला लूँगा गाड़ी." त्याने हात जोडले. चेष्टेने नाही. माझ्या भावाला हात जोडताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि आम्ही हट्ट सोडला.

शनिवारी सकाळी त्याला ताप होता. तो म्हणाला उन्हाने आहे. खिडकीच्या पडद्यावर मी पाणी मारलं. दुपारी जेवण झाल्यावर बॅटरीवाले वर आले, हातात फोन. त्यांचा चेहरा विचित्र झाला होता. "जीजी, ये ज़रा पढ़ना. अंग्रेज़ी में कुछ लिखा है, मेरे को गलत समझ में आया होगा."

मी वाचलं. मग पुन्हा वाचलं. आयोजकांनी कळवलं होतं की वरच्या दोन्ही घाटांवर रात्रभर बर्फ पडलाय, कडा कोसळण्याची भीती आहे. म्हणून दोन्ही घाट वगळले आहेत. खेळाडूंना बसने पलीकडे नेतील आणि शर्यत खालच्या दरीत, सपाट रस्त्यावर संपेल.

मुलांनो, शाळेत असताना मी इंग्रजी उतारे घडाघडा वाचून दाखवायचे आणि बक्षिसं घ्यायचे. त्या दुपारी मला एका साध्या निवेदनाचं मराठी करता येईना. भाऊ माझ्याकडे बघत होता.

"घाट नाहीत," मी म्हटलं. "बर्फ आहे. दोन्ही काढून टाकलेत."

"बर्फ," बॅटरीवाले म्हणाले. "इधर चप्पल चिपक री है सड़क पे."

भावाने फोन मागून घेतला, स्वतः वाचला आणि परत दिला. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने फक्त हात पुढे केला, मी त्याला उठवावं म्हणून. "चल," तो म्हणाला. "पिशवी भरलेली आहेच ना तुझी."

आमची गाडी यायला वेळ लागला असता, म्हणून बॅटरीवाल्यांनी आपली काढली. मुलगी मागे त्याच्या पायाशी बसली, पाय मांडीवर घेऊन. बाहेरची हवा भट्टीसारखी होती. वाटेतलं बेटमा गेलं तेव्हा पुढे, बॅटरीवाल्यांच्या आणि माझ्या मधे ठेवलेल्या फोनवर शर्यत सुरू झाली. रेनकोट घातलेले खेळाडू घोळक्याने एका करड्या रस्त्यावरून चालले होते. कुणी कुणाच्या पुढे जात नव्हतं, जायला जागाच नव्हती. समालोचक काहीतरी बोलत राहायचं म्हणून बोलत होता. दुसरा होता तो दुसराच राहणार, हे कुणालाही दिसत होतं.

"बंद कर, भिया," भाऊ मागून म्हणाला.

मी मागे वळून त्याचे पाय पाहिले. दोन्ही स्थिर होते.

इस्पितळात त्याच सर्जननी पट्टी सोडली. बोटाने कातडी दाबत दाबत ते वर गेले, पोटरी, गुडघा, गुडघ्याच्या वर. तिथे थांबले. मग त्यांनी खिशातून पेन काढून मांडीवर एक रेघ ओढली.

"वर?" भावाने विचारलं.

"वर."

रविवारी ऑपरेशन झालं. आवडता खेळाडू दुसरा आला, हे मला नंतर पेपरातून कळलं. भावाने विचारलं नाही.

तेव्हापासून तो देवासला आमच्याकडे, खालच्या खोलीत असतो. तुम्ही व्हिडिओवर त्याला खुर्चीत बसलेला बघता ते तिथलंच. कृत्रिम पाय बसवणाऱ्यांकडे दोनदा नेलं. त्याने माप घेऊ दिलं, पण पाय आणल्यावर तो लावला नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई येतात, त्यांचं सगळं ऐकतो, त्या गेल्या की पुन्हा तसाच. जुलैत फ्रान्सची शर्यत सुरू झाली तेव्हा धारहून फोन आला. "दादा, आज पहाड़ है." त्याने फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी बॅटरीवाल्यांना काय सांगणार? म्हटलं, झोपलाय. ते म्हणाले, "अच्छा जीजी," आणि त्यांनाही कळलं. मुलगी महिन्यातून एकदा येते, त्याच्याजवळ बसते. ती आता मांडवला जात नाही. जा म्हणून तो तिला सांगतही नाही.

तुम्ही लहान असल्यापासून तुम्हाला मी नेहमी सांगत आले की वेळेवर आणि नीट केलं की गोष्टी सांभाळता येतात. मी अजूनही वेळेवर आणि नीट करते. त्याची औषधं, त्याचे कपडे, त्याचं जेवण. तेवढ्याने काही सांभाळलं जात नाही.

मागच्या आठवड्यात पांघरूण घालताना त्याने एकाएकी विचारलं, "अक्का, गुरुवारीच भरती झालो असतो तर गुडघा राहिला असता का?"

हेच मी सर्जनना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "आजी, असं कुणीच सांगू शकत नाही. कदाचित हो. कदाचित विष आधीच वर गेलेलं असेल." आता हो म्हटलं तर ते दोन दिवस कायमचे त्याच्या मानेवर बसणार. नाही म्हटलं तर ते खोटं.

"ठाऊक नाही," मी म्हटलं.

"नसता राहिला, असं म्हणायचं होतंस," तो म्हणाला. "मी मानलं असतं."

मी पांघरूण त्याच्या उजव्या पायाखाली खोचलं. डावीकडे खोचायला काही नसतं, तिथलं तसंच सपाट पडून राहतं. त्याने डोळे मिटले. मी थोडा वेळ उभी राहिले, अजूनही म्हणता आलं असतं. मग दिवा मालवून बाहेर आले.