डासांच्या खोलीतली संध्याकाळ

हेब्बाळजवळच्या एका प्रयोगशाळेत काही वर्षं मी डास वाढवायचं काम केलं. हिवतापाच्या अभ्यासासाठी ते लागत. त्यांची खोली कायम उबदार आणि दमट असायची. जाळीच्या पिंजऱ्यांमध्ये मी साखरपाण्यात बुडवलेले कापसाचे बोळे ठेवी. खोलीला खिडकी नव्हती. दिवे आपोआप मंद होत जात, पिवळे, मग तांबूस, आणि भरदुपारी तिथे संध्याकाळ होई. त्या उजेडात नर डासांचा थवा धुरासारखा तरंगायचा. बाहेर आल्यावर रस्त्यावरचं ऊन मला बराच वेळ खोटं वाटत राही.

एका वर्षी पावसाळा सरता सरता आई नागपूरहून आमच्याकडे राहायला आली. माझ्या कामाविषयी ती कधी काही विचारत नसे. एकदा मेथी निवडताना मात्र शांतपणे म्हणाली, "तुझ्या मामाला ज्यांनी नेलं, त्यांना तू साखरपाणी पाजतेस."

या मामाला मी पाहिलेलं नाही. आईचं माहेर चंद्रपूरकडचं, जंगलाला लागून. तो तिचा धाकटा भाऊ. एक दिवसाआड त्याला अशी हुडहुडी भरायची की अंगावर गोधड्या रचल्या तरी खाट हलायची. मग ताप चढायचा, घाम फुटायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो अंगणात खेळायचा. म्हणून घरच्यांना वाटलं, जाईल आपोआप. एका तापात तो बेशुद्ध झाला, तो परत शुद्धीवर आलाच नाही. आई त्याच्याबद्दल बोलली तर एवढंच बोलायची.

मला ते डास बघायचे आहेत, असं तिने दोन-तीनदा म्हटलं. मी साहेबांची परवानगी काढली आणि तिला बाहेरच्या खोलीत, दाराच्या काचेपाशी उभं केलं. आत दिवे मंदावू लागले होते. जाळीला चिकटून बसलेले डास डोकं खाली आणि मागचा भाग वर करून, रुतलेल्या काट्यांसारखे दिसत होते. आई बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, यांनाही ताप असतो का?

मी तिला हळूहळू सांगितलं. डास जन्मतः निर्मळच असतो. मादी तेवढी चावते, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. आजारी माणसाला चावली की जंतू तिच्या पोटात जातात, काही दिवस तिथे वाढतात, आणि मग ती ज्याला चावेल त्याच्या रक्तात उतरतात. मच्छरदाणी लावली, साठलेलं पाणी झाकलं, तापात लगेच रक्त तपासून औषध पूर्ण घेतलं, तर ही साखळी तुटते.

"म्हणजे सीताफळाने नाही," आई म्हणाली.

मला कळेना. मग तिने सांगितलं, तो शेवटचा ताप यायच्या आदल्या दिवशी तिने जंगलातून सीताफळं आणून त्याला लपून खाऊ घातली होती. गार फळाने ताप भरला, असं आजी एकदाच म्हणाली होती. पुन्हा कधी म्हणाली नाही.

"नाही आई. सीताफळाने ताप येत नाही."

तिने कपाळ काचेला टेकलं. आत पूर्ण अंधार झाला, तरी ती तशीच उभी होती.

सकाळी तिने मला विचारलं, आपल्या इमारतीत पाणी कुठे साठतं? शेजारच्या कानडी अक्का तीन पिढ्यांपासून इथल्या. "स्वल्प थांबा," म्हणून त्यांनी गच्चीची किल्ली आणली. एका टाकीचं झाकण फुटलेलं होतं. टॉर्चच्या उजेडात पाण्याच्या पृष्ठभागाशी बारीक अळ्या आडव्या पडलेल्या दिसल्या. इतर डासांच्या अळ्या डोकं खाली करून लोंबकळतात. आडव्या पडतात त्या हिवतापाच्या डासांच्या. आम्ही टाकी रिकामी केली, आतून घासली, सुकवली, आणि नवं झाकण येईपर्यंत तोंडावर मलमलचं कापड ताणून बांधलं. आईने त्याची गाठ दोनदा ओढून पाहिली.

मग आम्ही तिघी कठड्याला टेकून बसलो. लांब तळ्यावर संध्याकाळचं धुकं होतं. आई बोलू लागली. मामाचे पुढचे दोन दात पडले होते, त्या फटीतून तो शीळ घालायचा. पळसाच्या पानाची होडी करून ओढ्यात सोडायचा आणि ती दिसेनाशी होईपर्यंत काठाकाठाने तिच्याबरोबर चालायचा. हाक मारली तरी त्याला ऐकू जायचं नाही. अक्कांनी तिला विचारलं, दिसायला कसा होता? आई त्याचे कान कसे होते ते सांगायला लागली.