दोन भाकरींची साक्ष

आठ वर्षांपूर्वी मी जेमतेम बासष्टची, अल्लड पोर होते. त्या वयात बाईला वाटतं, आपल्याला सगळं कळतं.

आमच्या ह्यांना साखरेचा आजार. गोळ्या वेळेवर घेत, सकाळी फिरून येत, पण जेवणावर बोललेलं खपायचं नाही. पोट गंगापूरकडच्या शेतकऱ्याचं. नोकरीपायी तेव्हाच्या औरंगाबादला आलं तरी दोन्ही वेळा ज्वारीच्या दोन-दोन भाकरी हव्यातच. "दोन खातो तवर मी जवान," असं पाहुण्यांना सांगायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, "काका, जेवण कमी केलंत तर मला आधी सांगा. गोळीही कमी करावी लागेल." हे "बरं" म्हणाले आणि घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या.

त्याच सुमारास आमच्या महिला मंडळात एक बाई व्याख्यानाला आल्या. म्हणाल्या, घरच्यांना बंदी घालू नका, चांगलं ते सोपं करा. फळं समोर ठेवा, फरसाणाचा डबा वरच्या फळीवर, ताट लहान घ्या. निवड मात्र ज्याची त्यालाच करू द्या. हे शेवटचं त्या सांगत होत्या तेव्हा चहा आला, आणि माझं सगळं ध्यान बशीतल्या भज्यांकडे.

दुसऱ्या दिवसापासून मी पिठाचा गोळा चिमूट-चिमूट कमी करत गेले. लहान भाकरी मोठ्या ताटात उघडी पडते, म्हणून ह्यांचं काठाचं ताट पिठाच्या डब्यामागं दडवलं. "अहो, त्याला चीर गेली," म्हणत नातीचं ताट पुढं केलं. दोन महिन्यांत भाकरी म्हणजे पुरीची थोरली बहीण झाली. हे मोजून दोन खायचे.

"हल्ली भूक लई लवकर लागते गं."

"फिरता ना रोज, मग लागणारच!" मी तोंड फिरवून हसायचे. डॉक्टरीणबाई समजत होते स्वतःला, दुसरं काय.

एका संध्याकाळी हे भाजी आणायला गेले ते भाजीवालीच्या पाटीपाशीच खाली बसले. दरदरून घाम, हात थरथर, घर कुठं ते सांगता येईना. तिचा नवराही साखरेचाच, म्हणून तिनं ओळखलं. शेजारच्या गाड्यावरून उसाचा रस आणून पाजला, जरा सावरल्यावर रिक्षात बसवून दिलं.

सकाळी आम्ही दोघं दवाखान्यात. साखर एकदम उतरली होती म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, "काका, जेवण कमी केलंत का?"

"नाय. दोनच्या दोन. हिला इचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. ह्यांनीही पाहिलं, अगदी निर्धास्त. खरं बोलायची जागा तीच होती. मी म्हणाले, "व्हय, दोनच."

डॉक्टर कोड्यात पडले. गोळी थांबवली आणि मूत्रपिंडाची तपासणी लिहून दिली. तिथं बिघाड असला तरी साखर अशी उतरते म्हणाले. रिपोर्ट दोन दिवसांनी.

ह्यांचे थोरले भाऊ मूत्रपिंडाच्याच दुखण्यानं गेले होते. त्या दोन दिवसांत ह्यांनी एक टोमणा मारला नाही मला. दुसऱ्या दुपारी सोयगावच्या बहिणीला फोन लावला. "एकदा येऊन जा. नाय, काम काय नाय. उगंच." मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. हातात पिठाचा गोळा, लिंबापेक्षा जरासा मोठा.

तशीच पिठाच्या हातानं बाहेर आले आणि सगळं सांगून टाकलं.

आधी ते हसले. "म्हंजे मी मरत नाय तर!" मग हसणं विझलं. "डाक्टरसमोर का बोलली नाहीस?"

"लाज वाटली."

"मी तुझ्या भरवशावर बोललो गं."

"आधी विचारलं असतं, तर तुम्ही नाय म्हणाला असता."

"मग म्हणू द्यायचं ना मला नाय!"

"भल्यासाठीच केलं" हे वाक्य ओठावर आलं होतं, पण डोळ्यांपुढं हे पाटीपाशी बसलेले आले आणि मी ते गिळलं.

डॉक्टरांना मीच फोन केला. बोलणी खाल्ली, पोटभर. तपासणी चांगली आली, गोळी अर्ध्यावर आली. काठाचं ताट परत निघालं. भाकरी पहिल्यासारखी थापते. हे स्वतःच्या हातानं एक मोडतात आणि दुसरी नातीकडे सरकवतात. कोणी सांगितलं नाही त्यांना.

फक्त एक खोड लागलीय. पहिला घास मोडण्याआधी भाकरीवर पंजा पसरून बघतात, बोटं काठापर्यंत पोचतात का. नातीला वाटतं आजोबा गंमत करतात. मी तव्यावरची भाकरी उलटत राहते. तिकडं बघत नाही.