जेवूनच आलोय

माझे दाजी एकनाथराव कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढायच्या आधी सांगतात, "जेवूनच आलोय." चहा विचारा, तर "आत्ताच झाला." पाणी दिलं तर अर्धा पेला घेतात, तोही उभ्याने. हैदराबादेत हिमायतनगरच्या माझ्या घरी हा माणूस खुर्चीला पाठ टेकून बसलेला मी कधी पाहिला नाही. मी तोंडाची फटकळ. एकदा म्हटलं, "दाजी, आमच्या खुर्चीला काटे आहेत का?" ते हसले आणि लगेच उठून गेले. त्यांची अडचण होते म्हणून मी टोमणा मारला, असं त्यांना वाटलं होतं.

यामागची गोष्ट मला मंगलाअक्काने सांगितली. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली बहीण. भालकीकडच्या खेड्यातून आठव्या वर्षी ते शाळेसाठी गौलीगुड्याला चुलत्याकडे आले. चुलता मायेचा, चुलतीही वाईट नव्हती. पण एका दुपारी पाहुणे वाढले, भाकरी कमी पडल्या, आणि परातीपाशी बसलेली चुलती वैतागून म्हणाली, "त्यात हे एक तोंड जास्तीचं." दाराआड पोरगं उभं होतं. बाई बोलली आणि विसरली. संध्याकाळी तिनेच त्याच्या भाकरीवर तूप घातलं. पोराच्या लक्षात तूप राहिलं नाही. आपण जास्तीचे आहोत, एवढंच राहिलं. पुढे सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी लागली, लग्न झालं, घर झालं. मूलबाळ नाही, घरात माणसं दोनच, तरी हे म्हणायचे, "तू जेव, मी मागून बसतो." आणि मग झाकण उघडून आधी बघायचे, किती उरलंय.

अक्का तक्रार करायची नाही. ती जुनी गोष्ट लोकांच्या घरापुरती, असं धरून घरातल्या वागण्याचा तिने तिच्यापुरता अर्थ लावून टाकला होता. "मी रंगाने काळी, शिकलेली नाही, कूसही उजवली नाही. माझ्यासमोर बसून त्यांच्या घशाखाली घास उतरत नसेल." मी तिला झापायची. पण दाजींबद्दल माझंही मत बरं नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मी तिला तोंडावर म्हटलेलं आहे. आज ते आठवलं की जीभ झडावीशी वाटते. आपला त्रास दुसऱ्याला नको म्हणून दोघं एकमेकांपासून लांब सरकत राहिली, तीही दोन खोल्यांच्या घरात, चाळीस वर्षं.

तीन वर्षांपूर्वी अक्काच्या किडन्या गेल्या. हॉस्पिटलात पेशंटपाशी एकालाच बसू देत, त्याचा पास असे. एके दिवशी सकाळी मी खिचडीचा डबा घेऊन पोचले, तर दाजी खाली दारातच उभे. त्यांनी पास माझ्या हातात ठेवला, औषधांची पिशवी दिली, डॉक्टरांचा फोन येईल म्हणून स्वतःचा मोबाईलही दिला. "तुम्ही बसा वर, इंदुताई. बहिणीपाशी तिला मोकळं वाटेल. मी असलो की ती गप्पच असते."

वर गेले, तर अक्का माझ्या पाठीमागे बघतेय. "हे कुठायत? सकाळी मी त्यांना म्हटलं होतं, आज इंदूचा डबा आला की मिळून दोन घास खाऊ. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मागितलं गं काही."

मला संताप आला. एवढंही करवत नाही या माणसाला! मी फणकारले, "गेले घरी. त्यांना कुठे बसवतंय?" खरं तर ते कुठे गेले हे मी विचारलंच नव्हतं.

अक्काने डबा उघडू दिला नाही. "ते आले की खाऊ," म्हणाली. दुपारी दोनदा विचारलं, आले का. मग विचारणं थांबवलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला कंटाळले असतील. त्यांचं तरी काय चुकलं." चारच्या सुमारास ती गेली.

दाजींना शोधायला मी रडत खाली धावले. वॉचमन म्हणाला, "साब सुबू से इधरीच बैठे हैं, अम्मा. चाय पूछा तो नक्को बोले." जिन्याखालच्या बाकावर, बाकाच्या अगदी कडेला ते बसले होते. अक्कापासून दोन मजले खाली. आडात काठोकाठ होतं, आणि मला ते तेव्हा दिसलं.

माझा चेहरा बघूनच ते समजले. मग हळूच म्हणाले, "माझं काही विचारलं का तिने?"

एरवी माझ्या जिभेला हाड नाही. पण त्या घडीला खरं सांगितलं असतं तर हा माणूस तिथेच कोसळला असता, असं मला वाटलं. "नाही दाजी. झोपेतच गेली."

त्यांनी मान हलवली. "तेच म्हटलं. तिला कशाला माझी आठवण येईल."

ते खोटं मला तीन वर्षं खात राहिलं. यंदा अक्काच्या श्राद्धाचं जेवण मी माझ्याकडे केलं. दाजी आले, फोटोला हार घातला आणि म्हणाले, "जेवूनच आलोय." बायकोच्या श्राद्धाला कुणी जेवून येतं का! मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगितलं: तिने मागितलेले दोन घास, न उघडलेला डबा, माझा फणकारा, भिंतीकडे फिरवलेलं तोंड. सांगताना मला हुंदके आवरेनात. मला वाटलं, आता ते मला शिव्या देतील. द्यायलाच हव्या होत्या.

ते माझ्याकडे कौतुकाने बघत होते. "तुम्ही फार मायेच्या आहात, इंदुताई," ते म्हणाले. "मिळून खाऊ म्हणाली होती ती, पण ते तुमच्याबरोबर. मला बरं वाटावं म्हणून किती जुळवून सांगितलंत."

मी अक्काच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेतली. "नका हो," म्हणत त्यांनी माझा हात बाजूला केला, चप्पल घातली आणि गेले. अक्काच्या फोटोशेजारी मी त्यांचं पान वाढून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

तीन वर्षांपूर्वी मी खोटं बोलले होते, ते मात्र त्यांना लगेच पटलं होतं.